शुक्रवारची मूठ

पडद्याआडून हात बाहेर आला, मूठ उघडली, आणि ज्वारी झोळीत पडायच्या ऐवजी आयुबच्या पायांवर सांडली.

चूक कुणाची, हा वाद पुढं कितीतरी शुक्रवार रंगला. सायराचं म्हणणं, झोळी धरणाऱ्याचं ध्यान झोळीकडं नव्हतंच. आयुबचं म्हणणं, पडद्यामागून टाकणारीनं टाकायच्या आधी निदान विचारावं तरी. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. तिला गोणपाटाच्या पडद्यातून नुसती एक उंच सावली दिसत होती, आणि तो झोळी सोडून तिच्या हाताकडं बघत राहिला होता.

"अल्ला! सांडली का?" आतून आवाज आला.

"न्हाय, न्हाय... पायाला ज्वारी लावायची रीतच हाय आमच्या मंडळात," आयुब म्हणाला आणि खाली बसून दाणे वेचायला लागला.

आत खुदकन हसू फुटलं. बस्स, एवढ्यावरच सगळं झालं. आता एवढ्या तेवढ्यावरून कुणी जीव लावतं का, असं तुम्ही म्हणाल. लावतं. विशीत लावतं.

हे मंडळ म्हणजे हायस्कुलातल्या पोरांचं. निजामाच्या सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव, तसंच मंडळाचंही होतं. कागदावर 'अंजुमन-ए-खिदमत' असं भारदस्त नाव, लोकांच्या तोंडी मूठमंडळ. लढाईचे दिवस होते. बाजारात धान्य मिळत नव्हतं, त्यात भूम-परंड्याकडं पावसानं पाठ फिरवलेली. तिकडची माणसं कडेवर लेकरं घेऊन आली आणि सराईच्या आवारात चुली मांडून राहिली. चुली होत्या, चुलीवर ठेवायला काही नव्हतं. तेव्हा शाळेतल्या शांतलिंग मास्तरांनी पोरांना सांगितलं, "वर्गणी मागू नका रे. पैसा म्हणलं की माणूस दार लावतंय. मूठ मागा." घराघरातल्या बाईनं दळणातली एक मूठ ज्वारी बाजूला ठेवायची, शुक्रवारी शाळेला सुट्टी असते तेव्हा पोरांनी ती गोळा करायची, आणि दुसऱ्या दिवशी सराईत कण्यांचं पातेलं चढवायचं.

पण पोरंच ती. नुसती सेवा करून त्यांचं भागतंय होय! त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या, तुकड्या पाडल्या, जनाना मदरशातल्या मुलींकडून छातीवर लावायला पिवळे बिल्ले शिवून घेतले. ज्या तुकडीचं पोतं जड भरेल तिनं शाळेच्या वार्षिक जलशात सगळ्यांपुढं मशाल घेऊन चालायचं, असा मान ठरला. त्या मानापायी पोरं घसा फुटेस्तोवर ओरडायची. शिवशरण नावाचा एक गोलमटोल पोरगा पुढं ताशा बडवत चालायचा, आणि मूठ पडली की सगळी तुकडी एका सुरात म्हणायची,

"ज्या दारची मूठ घेऊ,
त्या दाराला पाठ ना देऊ!"

हे बोल मास्तरांनी बांधलेले. ज्यानं आपल्याला दिलं त्याच्या अडीनडीला तोंड फिरवायचं नाही, असा त्यांचा अर्थ. पोरांनी मात्र तो शब्दशः घेतला. बोल म्हटले की तुकडी दाराकडं तोंड करून उलट्या पावलांनी मागं सरकायची, आणि गल्लीचं वळण आल्यावरच वळायची. शिवशरण ताशासकट एकदा गटारात बसला होता. मास्तर हसले, पण त्यांनी रीत मोडू दिली नाही. "पडा," म्हणाले, "पर पाठ दावू नका."

मणेर गल्लीतलं पाशामियाँचं घर आयुबच्या वाट्याला आलं होतं. पाशामियाँ बांगड्या विकायचे. सकाळी काचेच्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून ते गावं पालथी घालायला निघत, ते दिवस कलल्यावर येत. घरात बायको सकिनाबी आणि दोन मुली. थोरली फातिमा, धाकटी सायरा. सायराला अठरावं लागलं होतं. ती दोन वर्षांपूर्वीपर्यंत जनाना मदरशात जायची, आणि मंडळाच्या त्या पिवळ्या बिल्ल्यांतले काही तिनंच घरी बसून शिवले होते. आयुबच्या छातीवर होता तो तिचा होता की नव्हता, देव जाणे. ती तो आपलाच मानायची.

आयुब मूळचा परंड्याचा. वडील नव्हते, आई परंड्यात गोधड्या शिवायची, आणि हा धाराशिवात चाँदपाशा नावाच्या मामूकडं राहून मॅट्रिकला बसला होता. गावाकडं शिक्षण मधेमधे तुटल्यामुळं वर्गातल्या पोरांपेक्षा वयानं मोठा, म्हणून तुकडीचा म्होरक्या.

दुसऱ्या शुक्रवारी झोळी पुढं आली आणि मूठ बरोब्बर झोळीत पडली. पण ज्वारीत करडई होती. पांढऱ्याधोट दाण्यांत करडईचे टपोरे, टोकदार दाणे.

"यात करडई आलीया," आयुब म्हणाला.

"मग? निवडून घ्या."

"आमच्या पोतंभर ज्वारीत?"

"मूठ घ्यायला येतेत, मशाल मिरवायला बघतेत, आन् चार दाणे निवडायचे म्हणलं की कंबर दुखती व्हय?"

"कंबर न्हाय दुखत. पर कशापायी टाकली, ते तरी कळावं की..."

आत नुसत्या बांगड्या वाजल्या. मंडळानं बोल म्हटले, तुकडी उलट्या पावलांनी मागं सरकली, आणि त्या दिवशी आयुब वळण आलं तरी वळायचं विसरला. शिवशरणनं त्याला कॉलर धरून वळवला.

मग दर शुक्रवारी मुठीत करडई असायची. कधी दोन दाणे, कधी पाच-सात. आणि दर शुक्रवारी तेच भांडण नव्यानं व्हायचं. सायरा सकाळपासून पडद्याच्या आसपास घुटमळायची. ताशा लांबून ऐकू आला की तिच्या हातातलं भांडं हमखास पडायचं. सकिनाबी म्हणायच्या, "या पोरीच्या हातात शुक्रवारी काय शिरतंय, कळंना झालंय."  फातिमा पडलेलं भांडं उचलून ठेवायची.

एकदा आयुबनं विचारलं, "नाव काय?"

"नाव सांगतेत व्हय परक्याला!"

"मग हाक काय मारू?"

"हाक कशाला मारायची? मूठ घ्या आन् जावा."

"तरी पर... मनातल्या मनात नाव घ्यायचं झालं तर?"

पडद्याआड सायरा पुढं झाली. नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मणेर गल्लीत चांगल्या घरची मुलगी परक्या पुरुषाला नाव सांगत नसे. नाव सांगितलं म्हणजे अर्धी लाज सांगितली, असं सकिनाबींनी दोघींना लहानपणापासून पढवलं होतं.

"पाशामियाँची लेक म्हणा," ती हळूच म्हणाली.

"पाशामियाँची लेक," आयुबनं म्हणून पाहिलं, जसं काही ते जगातलं सगळ्यांत सुंदर नाव होतं.

या एका उत्तरानं पुढं काय होणार आहे, हे तेव्हा त्या दोघांनाही कळलं नाही. कळणार तरी कसं? माणूस सुखात असला की त्याला पुढचं वळण दिसत नाही.

थंडीत एका शुक्रवारी अवकाळी सर आली. सगळी तुकडी पाशामियाँच्या वळचणीला दाटीवाटीनं उभी राहिली, आणि आयुब पोत्यावर वाकून आपल्या पाठीनं ज्वारी झाकायला लागला. पडदा थोडा हलला. आतून एक कोरडं गोणपाट बाहेर आलं.

"झाका. सराईतली लेकरं भिजली ज्वारी खात्यात का?"

आयुबनं गोणपाट घेतलं. बोटांना बोटं लागली... म्हणजे लागली की नाही, यावर दोघांनी नंतर आपापल्या अंथरुणावर पुष्कळ विचार केला. पडद्याला एका ठिकाणी भोक होतं. सायरानं त्यातून पहिल्यांदा नीट पाहिलं. भिजलेले केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवरून पाणी ओघळतंय, आणि हा बाबा वेड्यासारखा हसतोय. पत्र्याची पन्हाळ खळखळत होती, भिजल्या मातीचा वास सुटला होता, ताशाचं कातडं मऊ पडून शिवशरण हळहळत होता. सायराला वाटलं, ही सर थांबूच नये. पण अवकाळी सर ती, तिला कितीसा दम!

जाता जाता आयुब पडद्याजवळ येऊन म्हणाला, "परीक्षा झाली की करोडगिरीच्या नाक्यावर जकात वसुलीची नोकरी लागायलीय. बार्शीच्या रस्त्याला. मग... मग मी झोळी घेऊन न्हाय यायचा."

"मग?"

"आईला घेऊन येईन."

सायरानं पडदा मुठीत घट्ट धरला. होय म्हणायला तोंड उघडेना, म्हणून तिनं ज्वारीच्या गाडग्यात हात घालून पुन्हा एक मूठ त्याच्या झोळीत टाकली. एका घराची एकच मूठ, असा मंडळाचा नियम होता. आयुबनं झोळीचं तोंड आवळलं. त्या दिवशी नियम मोडला म्हणून मंडळ काही बुडालं नाही.

आता फातिमाबद्दल सांगितलं पाहिजे. ती सायरापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. लहानपणी तिला देवी आल्या, त्यातून ती वाचली, पण तोंडावर आणि हातांवर व्रण राहिले. घरकामात हुशार, आवाज गोड, मनानं तर लोणी. पण बघायला येणाऱ्या बायका मन बघायला थोड्याच येतात! शरबत पिऊन, "कळवतो" म्हणून जायच्या, आणि त्यांचं कळवणं कधी पोचायचं नाही. तीन घरं अशी येऊन गेल्यावर फातिमानं गाणं सोडलं. आधी ती दळताना गायची. मग नुसतं जातं गायला लागलं. पाशामियाँ गावोगावच्या नव्या नवरींचे हात बांगड्यांनी भरायचे आणि घरी आले की थोरलीच्या हाताकडं बघायचं टाळायचे. थोरली घरात असताना धाकटीचं नाव काढायचं नाही, ही रीत तर सगळ्यांच्याच घरची.

परीक्षा झाली. आयुबला नोकरी लागली. आणि एका दुपारी चाँदपाशाच्या बायकोबरोबर एक पोक्त बाई घरी आली. सायरा आत शरबत करत होती. बाहेर आवाज आला, "मी आयुबची आई. परंड्याहून आले."

लिंबू सायराच्या हातातून निसटलं.  हसावं की रडावं, कळेना.

"माझ्या लेकानं एकच सांगून ठेवलंय बघा," आयुबची आई म्हणत होती. "म्हणला, पाशामियाँची लेक. दुसरं कुठलं घर न्हाय. मी म्हणलं, बाबा, सूरत बघितलीस का? तर म्हणला, न्हाय बघितली आन् बघायचीबी न्हाय. तू जाशील तर सूरतीवरनं बोलू नको, नुसती हो म्हणून ये."

 मग सकिनाबींचा भरून आलेला आवाज आला.

"फातिमा... बेटी, ओढणी घे आन् बाहेर ये."

 सायरानं दाराच्या फटीतून पाहिलं. फातिमा खाली मान घालून बसली होती. आयुबच्या आईनं तिची हनुवटी वर उचलली. ते व्रण पाहिले. एक क्षण तिचा हात थांबला. मग तिनं फातिमाच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"आता कळलं, लेक असं का म्हणला," ती डोळे पुसत म्हणाली. "माझं पोरगं एवढं मोठं झालं, मला ठावंच नव्हतं."

घरात गूळ वाटला गेला. पाशामियाँ त्या दिवशी लवकर आले, आणि जाणत्या लेकीचा बाप रडतो तसे ओट्यावर बसून रडले. सायरा म्हणाली, "अम्मी..." सकिनाबींनी वळून तिला मिठीत घेतलं. "बघ गं, अल्लानं आपाचं ऐकलं." त्यापुढं सायरा काय बोलणार होती? 

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जात्याच्या घरघरीनं जाग आली. आणि जात्याबरोबर फातिमा गात होती. कितीतरी वर्षांनी. सायरा पांघरुणात तोंड खुपसून ऐकत राहिली. आपण एक शब्द बोललो तर हे गाणं पुन्हा बंद होईल, आणि या खेपेला कायमचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मंगनी झाली. निकाहाची तारीख ठरली. नवरीचं नाव फातिमा, एवढंच आयुबच्या कानावर आलं, आणि पडद्यामागच्या आवाजाचंच ते नाव, असं तो समजून चालला. आयुब नाक्यावर रुजू होण्याआधीचा शेवटचा शुक्रवार आला. ठरलेल्या मुलीनं होणाऱ्या नवऱ्याशी बोलायचं नसतं, तेव्हा आज पडद्यामागून काही उत्तर यायचं नाही हे आयुबला माहीत होतं. तरी तो आला. नवा सदरा, छातीवर तोच जुना पिवळा बिल्ला.

ताशा वाजला. सायरा गाडग्याजवळ गेली, तर फातिमा आधीच तिथं उभी. मेंदीनं रंगलेले हात, लाजेनं खाली घातलेली मान.

"सायरा... आज मी घालू मूठ?" तिनं विचारलं. "बोलत न्हाय मी. नुसती मूठ."

सायरानं गाडगं तिच्यापुढं केलं.

पडद्याआडून हात बाहेर आला. आयुब हसत हसत झोळी घेऊन पुढं झाला, आणि थांबला. हात मोठा होता. लांब बोटांचा, ताज्या मेंदीचा, मनगटापासून वर देवीच्या व्रणांनी भरलेला. मूठ उघडली. स्वच्छ, निवडलेली ज्वारी झोळीत पडली. त्यात करडईचा एक दाणा नव्हता.

हात आत गेला. फातिमा तोंडावर ओढणी घेऊन माजघरात पळाली.

"ज्या दारची मूठ घेऊ..." तुकडीनं बोल धरले. म्होरक्याचा आवाज त्यात नव्हता. शिवशरणनं चमकून त्याच्याकडं पाहिलं, पण तुकडी उलट्या पावलांनी निघाली होती, ताशा थांबवता येईना. आयुब मात्र तिथंच उभा राहिला. "तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "झोळीचा बंद तुटलाय. आलो मी."

गल्ली रिकामी झाली. पडद्यामागं कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता.

"हात कुणाचा?" त्यानं विचारलं.

"आपाचा. फातिमाआपाचा. तुमची मंगनी झालीय तिच्याशी."

आवाज ओळखीचा होता. तोच, करडईवरून भांडणारा. आयुबनं चौकटीचा आधार घेतला.

"आन् तुमी?"

"मी बी पाशामियाँचीच लेक," सायरा म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू फुटलं. "धाकटी. सायरा माझं नाव. नाव सांगितलं असतं तर... नाव सांगायचं नसतंय म्हणून न्हाय सांगितलं..."

"सायरा," तो म्हणाला. पहिल्यांदा आणि तेही असं.

मग घाईघाईनं, कुणी येईल या भीतीनं, तो बोलायला लागला. "मी आत्ता जातो मामूकडं. सांगतो, गफलत झाली. म्हणतो की मला..."

"काय म्हणताव? थोरली नको, धाकटी पायजे म्हणताव?"

आयुबचा चौकटीवरचा हात खाली आला.

"सूरत बघायची न्हाय, असं तुमीच सांगून पाठवलं होतं. आता मोडली तर अख्खा गाव म्हणंल, बघितली म्हणून मोडली." सायरा थांबायला तयार नव्हती. "तीन घरं येऊन गेली तिला बघून. चौथं तर मंगनी करून जाईल. आपा गायला लागलीया हो! पहाटं ऐकलं असतं ना तुमी..."

"आन् तुझं काय?"

त्यानं पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. सायराला ते ऐकून असं वाटलं, की बाहेर धावत जावं, या माणसाचा हात धरावा आणि बार्शीचा रस्ता, करोडगिरीचा नाका, सगळं मागं टाकून कुठंतरी निघून जावं. तिचं प्रेम होतं त्याच्यावर. अगदी पायावर सांडलेल्या पहिल्या मुठीपासून होतं. ते तिनं त्याला सांगितलंही.

"माझा जीव हाय तुमच्यावर. लई जीव हाय. म्हणून तर तुमाला खोटं पडलेलं बघवंना मला. आयुब... तुमी दर शुक्रवारी या दारात काय म्हणताव?"

 आतून फातिमा गुणगुणत होती. ज्वारी पाखडताना, अगदी हळू, आपलं आपल्यालाच. ते बाहेरही ऐकू येत होतं. तो ऐकत उभा राहिला. मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"ती करडई," तो म्हणाला, "मी मंडळाच्या पोत्यात न्हाय घातली कधी. एक एक दाणा निवडून ठेवलाय."

"मला ठावं होतं," सायरा म्हणाली. ठाऊक नव्हतं, पण म्हणाली.

मग पडद्याच्या त्या भोकातून तिनं पाहिलं. आयुब एक पाऊल मागं गेला, मग दुसरं. झोळी हातात, तोंड दाराकडं. गल्लीत ताशा नव्हता, तुकडी नव्हती, बोलही नव्हते. पाण्याची घागर घेऊन येणारी एक बाई बाजूला झाली आणि त्याच्याकडं बघून हसली. मंडळातलं पोरगं, खेळ करतंय, असं तिला वाटलं असावं. तो वळणापर्यंत तसाच उलट्या पावलांनी गेला.

निकाहाच्या आदल्या दिवशी दुपारी नवऱ्याला नवरीच्या घरी बोलावून मेंदी लावायची. रीत अशी, की मधे चादर धरायची, नवरदेवानं चादरीखालून करंगळी पुढं करायची, मेहुणीनं तिला मेंदी लावायची आणि मनासारखा नेग, म्हणजे मानाचा पैसा, हातात पडेपर्यंत करंगळी सोडायची नाही. मेहुणी जेवढी चिवट, तेवढी मजा. बायका ढोलकी घेऊन बसलेल्या. गल्लीतल्या मुलींनी सायराला पुढं ढकललं.

"धर गं घट्ट! चांदीचा रुपया आल्याबिगर सोडू नको!"

"एकुलती एक मेहुणी, सवस्तात जाऊ नको बरं!"

चादरीखालून करंगळी पुढं आली. सायरानं ती धरली. इतक्या शुक्रवारांत एकदा, पावसात, बोटाला बोट लागलं होतं की नाही याचा निकाल लागला नव्हता. आज भर दुपारी, साऱ्या गल्लीसमोर, हसण्या-गाण्याच्या गलक्यात, तिनं त्याचं बोट हातात धरलं होतं आणि कुणाची हरकत नव्हती. तिनं मेंदी लावली. नीट, नखापासून पेरापर्यंत.  

"आता सोडू नको हां!" बायका ओरडल्या.

सायरानं बोट सोडलं.

एकदम सगळा गलका थांबला, आणि मग दुप्पट उसळला. "अगं येडे! एवढ्या लवकर?" "नेग तरी घ्यायचा की!" "हिला मेहुणीपणच जमत न्हाय!" सकिनाबी कपाळाला हात लावून हसल्या. कोपऱ्यात पिवळ्या कपड्यांत बसलेली फातिमासुद्धा घुंघटात हसली. आणि चादरीखालून तो हात पुन्हा पुढं आला, तळव्यावर फडक्याची एक लहानशी गाठोडी.

"नेग दिला, नेग दिला!" मुलींनी झडप घालून गाठ सोडली. आत करडई होती.

बायका हसून हसून लोळल्या. "मूठमंडळाचा नवरा! रुपयाच्या जागी करडई!" "कंजूस दूल्हाभाई!" फडकं हातोहात फिरलं आणि सायराकडं आलं. तिनं ते बंद केलं, गाठ मारली. तीही हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण लग्नघरात एवढ्या हसण्यात कुणाच्या डोळ्यांत पाणी नसतं? कुणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काझींनी फातिमाचं नाव घेऊन विचारलं, तेव्हा आयुबनं डोळे मिटले आणि 'कुबूल' म्हटलं. तिन्ही वेळा स्पष्ट म्हटलं. पुढं त्यानं फातिमाला आयुष्यभर सुखात ठेवलं, हे सांगायला हवं. नाक्यावरच्या त्या घरातून पहाटे गाण्याचा आवाज यायचा, असं येणारे-जाणारे गाडीवान सांगायचे, आणि ते ऐकून सायराला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. दुखायचंही.

लग्नानंतरच्या शुक्रवारी गल्लीत ताशा वाजला. सराईतली चूल अजून चालूच होती. मंडळ कुणा एकासाठी थांबणारं नव्हतं. आयुबच्या जागी आता शिवशरण म्होरक्या झाला होता, आणि ताशा दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात होता.

"सायरा, मूठ घाल गं," सकिनाबी आतून म्हणाल्या.

सायरानं गाडग्यातून ज्वारी घेतली. मग कमरेचं फडकं सोडलं, आणि त्यातली सगळी करडई त्या ज्वारीवर ओतली. ओंजळ पडद्याबाहेर गेली, झोळीत रिकामी झाली. एक दाणाही सांडला नाही.

शिवशरणनं झोळीत डोकावून पाहिलं.

"ताई, यात लई करडई आलीया."

सायरानं रिकामं फडकं पुन्हा कमरेला खोचलं. 

"निवडून घ्या," सायरा म्हणाली.

तुकडीनं बोल म्हटले आणि दाराकडं तोंड करून ती उलट्या पावलांनी मागं सरकायला लागली. सायरा पडद्याच्या भोकाशी उभी राहून प्रत्येक चेहरा बघत राहिली, शेवटचा पोरगा वळेपर्यंत.